लावरीच्या पिल्लाचा फोटो

रानात मोबाईल नुकतेच आले होते, तेव्हाची ही गोष्ट. लावरी पक्षिणीचं पिल्लू हरवलं. तिने त्याच्या फोटोवर 'हरवलंय' असं लिहिलं आणि तो रानाच्या ग्रुपवर टाकायला घेतला.

शेजारचा मोर म्हणाला, "असा उघडाबोडका फोटो टाकतात का, वहिनी? आणा इकडे."

त्याने फुलांची चौकट लावली, मोत्यांची झालर सोडली, फुगे चिकटवले. 'हरवलंय' फुग्यांमागे गेलं आणि पिल्लू मोहरीएवढं उरलं.

मोराने तो ग्रुपवर टाकताच भराभर उत्तरं आली. "सुरेख!" "वाढदिवसाच्या शुभेच्छा!" सशाने तर केकचं चित्रही पाठवलं.

रडकुंडीला आलेल्या लावरीने मोबाईल ओढून घेतला आणि साधाच फोटो टाकला.

लगेच सशाचा फोन आला. "अहो वहिनी, हे होय? हे तर सकाळपासून माझ्याच दारात रडतंय! मीच त्याला दटावलं, जरा गप्प बस, मला शुभेच्छा पाठवू दे."