हळद कुणी बंद केली?

धुरपामायवर कुणीच विश्वास ठेवला नाही. एकानंही नाही. आता शेलवाडीत जो तो म्हणतो, आमच्या आजीनं ठेवला होता. खोटं आहे ते.

फार फार मागची गोष्ट. गावात वीज नव्हती, रस्ता नव्हता, होती ती हळद. घरोघरी हळद शिजायची, अंगणात वाळायची. चुलीचा धूरसुद्धा पिवळा निघायचा, असं म्हणतात. जन्मल्या लेकराला रोज हळद चोळायची आणि वारं लागू नये म्हणून दार लावून अंधारात ठेवायचं. मग लेकरू पिवळं दिसलं तर कुणाला वावगं वाटणार?

धुरपामाय गावची सुईण. गावातल्या गयाबाईची सून सुंद्रा. सुंद्राची पहिली दोन लेकरं आठवड्याच्या आत गेली होती. दोष सुंद्रावर आला. म्हणे दूध बाधलं, म्हणे पायगुण वाईट. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा गयाबाईनं सांगूनच टाकलं, हिला काही झालं तर सून कायमची माहेरी.

चौथ्या दिवशी पोर दूध ओढेना. हलवली तरी जागी होईना. धुरपामायनं तिला उचललं, लाथेनं दार उघडलं आणि अंगणात आणून धुतली. नाकाच्या शेंड्यावर बोट दाबलं, सोडलं. पिवळं. तळपाय पाहिले. तेही पिवळे.

"गया, कावीळ आहे. दवाखान्यात न्यायचं."

"हळदीच्या गावात पोर पिवळी नाही तर काय निळी होईल? डोळे गेले तुझे, धुरपे."

"हळद धुतली की जाते. हे धुतलं तरी जाईना."

जमलेल्या बाया फिदीफिदी हसल्या. धुरपामाय त्यांच्याकडे वळली. "आधीच्या दोघांनाही हेच असणार. हळद मी चोळली. हळदीखालचं पिवळं मलाच दिसलं नाही. सुंद्राच्या दुधाला नावं ठेवाल तर बघा."

तिनं पोर छातीशी बांधली. सुंद्रा ओली बाळंतीण, तरी मागोमाग निघाली. दवाखाना पाच कोस, दिवस कललेला. पण धुरपामायनं सूर्याकडे असं पाहिलं, की तो डोंगरावर हातभर वर थांबला, असं म्हणतात. गुरं घराकडे वळेनात, पाखरं झाडावर बसेनात. तिनं दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा कुठे तो मावळला.

नवव्या दिवशी दोघी परतल्या. पोर सुंद्राच्या कडेवर गाव डोक्यावर घेत होती. गयाबाईनं घरातली हळद उचलून माळ्यावर टाकली.

धुरपामायनं गावच्या सुनांना बजावलं, "लेकराला हळद बंद. सासवा भांडतील, कुणी बंद केली विचारतील. माझं नाव सांगा. शिव्या मला पडू द्या."

तेव्हापासून शेलवाडीत बारा दिवस बाळंतघरात हळद जात नाही. रोज सकाळी दार उघडून लेकरू उजेडात आणतात. आधी नाकावर बोट, मग तळपाय. पिवळं दिसलं की गाडी काढायची आणि डॉक्टरकडे जायचं. उन्हात धरून बसायचं नाही, माळ बांधायची नाही, डाग द्यायचा नाही. त्या दिवसापासून आमच्या गावचं एकही लेकरू काविळीनं गेलं नाही. सांगा दुसऱ्या कुठल्या गावाचं असं!

गेल्या साली मला नात झाली. मी जरा चढ्या आवाजातच सुनेला विचारलं, "हळद कुणी बंद केली गं?"

नातीच्या नाकावरचं बोट न उचलता ती म्हणाली, "धुरपामायनं."