केरबा मोठा फोन घेतो

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. त्याचं नाव केरबा. गावाचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट ऐकून तुम्ही केरबाला सोडाल आणि आम्हा गावकऱ्यांनाच हसाल. हसायला जागा आहे म्हणा, ते पुढे कळेलच.

केरबा मनानं पांढरा, अंगानं पांढरा. पिठानं पांढरा. गिरणीत कोणी दळण घेऊन आलं की तो मान वर न करता विचारायचा, "गहू का बाजरी? बारीक का जाड?" एका धान्याचं पीठ दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हे विचारावंच लागतं. पण तीस वर्षं रोज विचारून ते त्याच्या जिभेला चिकटलं होतं. एकदा ग्रामसेवक कागदावर सही घ्यायला आला, तर त्यालाही केरबानं हेच विचारलं.

त्याची बायको अनुसया मात्र शहाणी होती. त्या घरात शहाणपण एकालाच पुरेल एवढं आलं होतं, ते तिनं घेतलं. पण त्या महिन्यात ती ओट्यावरून घसरली आणि पाय मोडून बसली. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. त्यामुळे डोकं तिचं आणि पाय केरबाचे, असा कारभार सुरू झाला. तिथंच सगळं बिघडलं.

शुक्रवारी नागपूरहून दिगंबरचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा फोन आला. दिगंबरची सासुरवाडी नागपूरचीच, बायको बाळंतपणाला तिथंच माहेरी होती. सात वर्षांनी पाळणा हलला होता. मुलगी झाली होती.

"आबा, गुरुवारी बारसं हाय. बाळाला आत्या न्हाई, तर नाव आईनंच ठिवायचं. मी फोन बाळाच्या कानाशी धरतो, आईनं नाव सांगायचं. मग बाळ दाखवतो. पण त्या तुमच्या डबड्यात बाळ दिसायचं न्हाई. मोठा फोन घ्या."

केरबानं आपला साधा फोन हातात घेऊन पाहिला. काच दोन बोटं रुंद.

"दिसंल की," तो म्हणाला. "बाळ असतंय तरी केवढं?"

अनुसयेनं त्याच्या हातून फोन घेतला आणि मुलाला सांगितलं, "तू काळजी करू नगंस." नाव तिनं केव्हाच ठरवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. बारशाच्या आधी नाव फोडू नये म्हणतात. केरबाला तर नाहीच सांगितलं, कारण केरबाला सांगणं म्हणजे गिरणीवर सांगणं.

"नातीचं तोंड बघितल्याबिगर मला घास गिळायचा न्हाई," ती म्हणाली. "आन् दुसऱ्याच्या फोनात मी बघणार न्हाई. त्यो मधीच काढून घेतोय."

पण केरबाचा जीव साध्या फोनात होता. तो आठ आठ दिवस चालायचा, पिठात पडला तरी झटकला की बोलायचा. म्हणून अनुसया म्हणाली, "एकदम कशाला? चार माणसास्नी इचारून या. चौघं काय म्हणत्यात ते बघू."

"असं व्हय," केरबा म्हणाला आणि निघाला.

शनिवारी सकाळी तो वेशीत उभा राहिला. एक माणूस आला, गेला. दोघे आले, गेले. एकदा तिघे आले, केरबाच्या तोंडाला पाणी सुटलं, पण चौथा काही येईना. दुपारी मात्र चौघे आले. एकत्र, एका पावलानं. खांद्यावर तिरडी. गावातले दत्तूअण्णा नव्वदी ओलांडून गेले होते.

केरबा तिरडीबरोबर चालू लागला. "जरा इचारायचं हुतं. साधा फोन ठिवू का मोठा घिऊ?"

दुसऱ्या गावात त्याला हाकलून दिलं असतं. आमच्या गावात पुढचे दोघे म्हणाले, "मोठा घे." मागचे दोघे म्हणाले, "साधाच बरा. मोठ्याची बॅटरी सांजपातूर टिकत न्हाई." मग पुढचे चिडून भरभर निघाले आणि मागचे हटून जागेवरच थांबले. पुढे मडकं धरून चाललेला थोरला मुलगा मागे वळून ओरडला, "अरं, फोनचं ऱ्हाऊ द्या, माझा बाप वढाताणीत चाललाय!"

घरी आल्यावर अनुसयेनं कपाळाला हात लावला. "अवं, अशा जागी फोनचं इचारत्यात व्हय? हात जोडावं, मान खाली घालावी, 'वाईट झालं, देवापुढं कुणाचं चालतंय' म्हणावं, आन् गुमान घरला यावं."

"असं व्हय! आधी न्हाई का सांगायचं!"

रविवारी तिनं त्याला तालुक्याला पाठवलं. "फोनच्या दुकानात जावा. घिऊ नका, नुसता बघून या. लोक घेत्यात ते कसं घेत्यात ते बघा."

दुकानात गर्दी होती. एका शाळेच्या बाईंनी नवा फोन घेतला होता. दुकानदारानं खोकं त्यांच्या हातात दिलं, तोंडात पेढा दिला. सगळे हसत होते. केरबाही हसणार होता, पण त्याला शिकवण आठवली. तो पुढे झाला. हात जोडले. मान खाली घातली.

"वाईट झालं, बाई. देवापुढं कुणाचं चालतंय."

आणि गुमान निघाला. बाईंनी पेढा तोंडातून काढला, खोकं दुकानदाराच्या हातात परत ठेवलं आणि म्हणाल्या, "मला आधी सांगा, ह्या फोनात काय आहे?" दुकानदार केरबाच्या मागे एसटी स्टँडपर्यंत धावला. पण केरबाला मागे वळून बघायला कोणी सांगितलं नव्हतं.

"अवं देवा!" अनुसया म्हणाली. "नवी वस्तू आली की शुभ बोलावं. हळद-कुंकू लावावं, नारळ फोडावा, 'लाभ हुदे, जोडीला आनखी एक येऊ दे' म्हणावं!"

"असं व्हय! आधी न्हाई का सांगायचं!" केरबानं त्याच दिवशी नारळ घेऊन पिशवीत टाकला. हळद-कुंकवाची पुडीही टाकली. दुकानात फजिती झाली ती झाली, पुन्हा व्हायला नको.

मंगळवारी अनुसयेला दवाखान्यात न्यायचं होतं. सूज उतरली होती. डॉक्टरांनी आधीचं कच्चं प्लास्टर काढलं आणि पक्कं घातलं. नवं कोरं, पांढरंशुभ्र. डॉक्टर हात धुवायला वळले.

केरबानं बघितलं. नवी वस्तू. त्यानं प्लास्टरवर हळद लावली. कुंकू लावलं. मग खाटेच्या लोखंडी कडेवर नारळ हाणला. पाणी सगळं प्लास्टरवर उडालं. केरबानं दोन्ही पायांकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "लाभ हुदे. जोडीला आनखी एक येऊ दे."

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा बाजूला केला, भिजलेलं प्लास्टर कापलं आणि पुन्हा पहिल्यापासून घातलं. म्हणजे जोडीला आणखी एक आलंच. केरबाचा आशीर्वाद वाया जात नाही.

रिक्षात अनुसया रडकुंडीला आली होती. "अशी वस्तू जपायची असती! उशीवर उंच ठिवायची. वर पिशवी बांधायची. वल्ली हुऊ द्यायची न्हाई, हलवायची न्हाई, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई!"

"असं व्हय! आधी न्हाई का सांगायचं!"

बुधवार उजाडला. बारसं दुसऱ्या दिवसावर. अनुसया म्हणाली, "आता इचारायचं न्हाई आन् बघायचं न्हाई. सरळ जावा आन् घिऊन या. माझी नात मला दिसली पायजे."

दुकानदारानं केरबाला बघितलं आणि दोन्ही हात जोडले. पाच मिनिटांत फोन काढून दिला. जुन्या फोनातलं कार्ड नव्यात घातलं. "वाजला की हा हिरवा गोल वर सरकवायचा. बोट पुसून घ्या, पिठाच्या बोटाला हा ओळखत नाही. आणि इथं काही बोलू नका, नुसते जा."

केरबा फोन घेऊन घरी आला. आता जपायचं होतं. त्यानं फोनवर एक पिशवी बांधली, तिच्यावर दुसरी. फळीवर उशी ठेवली, उशीवर फोन. मग खाली स्टूल टाकून राखणीला बसला.

संध्याकाळी दिगंबरनं तालमीसाठी फोन लावला. पिशवीतून आवाज येऊ लागला.

"अवं, वाजतोय!" अनुसया खाटेवरून ओरडली.

"वाजू दे. हलवायचा न्हाई."

"अवं, पोराचा आसंल!"

"आसू दे. हात लावू द्यायचा न्हाई. तूच सांगितलंस."

फोन अकरा वेळा वाजला. अनुसयेला उठता येईना, आणि केरबा उठेना. शेवटी फोनच दमला. अनुसयेनं डोळे मिटले. हा माणूस तिनं पस्तीस वर्षं सांभाळला होता. एक दिवस आणखी. त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं तिनं ठरवलं.

"ह्ये बघा," ती हळू आवाजात म्हणाली. "गिरणीत गिऱ्हाईक आलं तर त्याला ताटकळत ठिवता का?"

"छ्या!"

"मग फोन म्हंजी गिरणीवरचं गिऱ्हाईक समजा. आला की लगीच घ्यायचा. गिऱ्हाइकाशी कसं वागता, अगदी तसं. समजलं?"

"समजलं की! येवढंच हुतं व्हय? आधी न्हाई का सांगायचं!"

त्याला इतकं नीट आजवर काहीच समजलं नव्हतं.

गुरुवारी अकरा वाजता आळीतल्या सगळ्या बायका अनुसयेच्या खाटेभोवती जमल्या. अनुसया ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. पाय उशीवर, कपाळाला मोठं कुंकू. ठरवलेलं नाव ती ओठांतल्या ओठांत घोळवत होती. केरबा फोन हातात धरून उंबऱ्याशी उभा होता. त्यानं बोट तीनदा पुसलं होतं.

तिकडे नागपुरात पाळणा सजला होता. दिगंबरनं व्हिडिओ कॉल लावला, आवाज मोठा केला आणि काच बायकांकडे करून फोन बाळाच्या कानाशी धरला. बायका कान टवकारून पुढे सरकल्या. आजी आता नाव सांगणार.

इकडे फोन वाजला. केरबानं हिरवा गोल वर सरकवला आणि साध्या फोनच्या सवयीनं तो कानाला लावला. आळीतल्या बायकांना केरबाची पाठ दिसली. नागपूरकरांना केरबाचा कान दिसला, पिठासकट.

"अवं, इकडं द्या!" अनुसया ओरडली.

पण दारात गिऱ्हाईक आलेलं. ताटकळत ठेवायचं नव्हतं. केरबानं खणखणीत आवाजात विचारलं,

"गहू का बाजरी?"

तिकडे दिगंबरच्या सासूबाई फार समजूतदार बाई. व्याह्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्यांचं पहिल्यापासूनचं धोरण. त्या शेजारणीकडे वळल्या.

"काय म्हणून राहिले?"

"गहू का बाजरी, म्हणून राहिले."

"दोन नावं सुचवून राहिले वाटते. मोठ्या मनाचे आहेत जी, निवड आपल्यावर सोडली." सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "गहू तर पोराचं नाव वाटते. बाजरीच ठेवा."

"अहो आई, थांबा!" दिगंबर म्हणाला. पण त्याचं कोण ऐकतं? बायकांनी "कुर्र्र" केलं, एकमेकींच्या पाठीत धपके घातले आणि घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली.

केरबाचं गिऱ्हाईक अजून पुरतं झालं नव्हतं. तो म्हणाला, "बारीक का जाड?"

"बारीकच आहे जी," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "पावणेतीन किलोची."

"पावणेतीन किलो? मग थांबा, हातासरशी दिऊन टाकतो."

तेवढ्यात अनुसयेच्या शेजारणीनं केरबाच्या हातून फोन हिसकला आणि अनुसयेच्या हातात दिला. तिकडे दिगंबरनंही फोन पाळण्यावर धरला. काचेत एक इवलंसं तोंड आलं. डोळे मिटलेले, मूठ गालावर. अनुसया नुसती बघत राहिली. तिला फार राग आला होता आणि त्याहून फार आनंद झाला होता. ठरवलेलं नाव ओठांवर होतं. पण नाव एकदा कानात पडलं की पडलं. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "बाजरे, आगं माझी बाजरे!"

तोंड जागं झालं आणि हसलं. आम्ही म्हणतो हसलं. पोटातल्या वाऱ्यानंही हसतात म्हणे बाळं.

केरबा सगळ्यांकडे बघत होता. "नाव ठिवायचं हुतं व्हय? आधी न्हाई का सांगायचं!"

अनुसयेनं मनातलं नाव आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या नातवंडासाठी राखून ठेवलंय. त्या बारशाला ती केरबाला गिरणीत कोंडणार आहे. हे सगळं केरबा स्वतःच गिरणीवर सांगतो आणि सांगताना आमच्या आधी हसतो. तिरडी ओढणारे चौघेही हसतात, आणि मोठा चांगला की साधा, यावर अजून भांडतात. केरबानं दुसरं कार्ड घेऊन दोन्ही ठेवलेत. साधा गिरणीसाठी, मोठा बाजरीसाठी. मोठा अजून उशीवरच असतो.

बाजरी आता चार वर्षांची आहे. उन्हाळ्यात गावी येते. तेव्हा गिरणीवर फार घोटाळा होतो. कोणी डबा घेऊन दारात आलं की केरबा मान वर न करता विचारतो, "गहू का बाजरी?"

आणि गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत घरातून आवाज येतो, "आले, आबा!"

आमचं दळण संपलं. पीठ तुम्ही न्या, कोंडा आमच्या गावाला ठेवा.