मळ्यातलं लॉज

दिंडोरीजवळ इंदुताई ढिकले यांचा द्राक्षमळा होता. झोपायची सोय असलेल्या गाड्यांतून फिरणाऱ्या प्रवाशांना त्या रात्रीपुरती मळ्यात गाडी लावू देत. सकाळी निघताना प्रवासी हौसेने बेदाणे घेऊन जात.

एके सकाळी तालुक्याचे साहेब गावकऱ्यांसमोर कडाडले, "विनापरवाना लॉज चालवता? फाटकाला सील ठोकतो!"

इंदुताई म्हणाल्या, "इथं एकही खोली नाही, साहेब. मग लॉज कसं?"

"बाहेरगावचा माणूस जिथं झोपतो, ते लॉज! कळलं?"

"कळलं. मग आधी ग्रामपंचायतीला सील ठोका. परवाच्या ग्रामसभेत तुम्ही तिथं तासभर घोरत होतात."

गावकरी खो खो हसले. साहेब सील न ठोकताच जीपमध्ये बसले. त्या संध्याकाळी मळ्यात तीन गाड्या लागल्या.