आईकडे पाठ करून बसणारी लेक

फार फार दिवस झाले या गोष्टीला. नदीच्या काठी कुंभारांचं एक गाव होतं. गावाची एक रीत होती. मुलगी सात वर्षांची झाली की जत्रेच्या दिवशी तिनं घरच्या नव्या घड्यातलं पाणी गावातल्या थोरांना द्यायचं. देताना प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचं अन् म्हणायचं, "काका, घ्या. आत्या, घ्या."

त्या गावात एक कुंभारीण राहायची. तिची लेक कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. हाक मारली तर पाठ फिरवून बसे, स्वतःशीच गुणगुणे. ढोल वाजला की कानांवर हात. शेजारणीची पोर मात्र नुसती पोपट! ती बोलायला लागली की कुंभारणीच्या पोटात कळ यायची. "देवा, तिला भरभरून दिलंस, अन् माझ्याच ओटीत हे का?"

गावाच्या कडेला एक मावशी राहायची. भट्टीतून निघालेलं मडकं सगळे तिच्याकडे न्यायचे. ती भिंतीकडे तोंड करून बसे, डोळे मिटे, मडक्यावर बोटानं टिचकी मारी अन् सांगे, "चांगलं," नाहीतर, "तडकलंय." जत्रेत ती जायची नाही. तोंडावर खरं बोलायची. लोक मागं हसायचे, पण तिच्या टिचकीशिवाय एक मडकं विकायचे नाहीत.

एकदा कुंभारीण मडकी घेऊन गेली, तर काय बघते? आपली लेक मावशीच्या पाठीला पाठ लावून बसलेली. दोघी टिचक्या मारत होत्या. अन् लेक खळखळून हसत होती.

कुंभारणीच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारणीचा हेवा परवडला, असा हा जाळ! "नऊ महिने पोटात वाढवली मी, अन् हसते कुणापाशी, तर या बाईपाशी!" तिनं लेकीला ओढत घरी आणलं. "पुन्हा तिकडं पाऊल टाकलंस तर बघ."

मग रोज ती लेकीची हनुवटी धरी. "बघ माझ्याकडं. बघ म्हणते ना! म्हण, काका, घ्या."

लेक शिकली. जत्रेच्या दिवशी तिनं एकेकाच्या डोळ्यांत बघून पाणी दिलं. गाव वाहवा म्हणालं. शेजारीण बघतच राहिली. कुंभारणीला आभाळ ठेंगणं झालं.

पण घरी आल्यावर लेक कोपऱ्यात बसली, ती बसलीच. गुणगुणणं गेलं, टिचक्या गेल्या. चार दिवस झाले, "आई" म्हणून हाक नाही, धड दोन घास नाहीत.

कुंभारीण घाबरली, अन् तणतणत मावशीकडे गेली. "मावशे, काय जादू केलीस माझ्या लेकीवर? तुझ्यापाशी का हसायची ती?"

मावशी भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी तिला माझ्याकडं बघ म्हणाले नाही."

"एवढंच?"

"एवढंच. माझी आईपण हनुवटी धरायची. वीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बघितलं. डोळ्यांत बघितलं की मला मडक्याचा आवाज ऐकू येईना. तडकलेल्या मडक्यांना मी चांगली म्हणायचे. मग एक दिवस भिंतीकडं तोंड केलं. तेव्हापासून एक मडकं चुकलं नाही. बाई, ती तुझीच आहे. तिच्याजवळ तिच्यासारखी बस."

कुंभारीण घरी आली. लेकीकडे पाठ करून जमिनीवर बसली. जत्रेतला घडा जवळच होता, त्यावर तिनं हळूच टिचकी मारली. बराच वेळ गेला. तिनं पुन्हा मारली.

मग तिच्या पाठीला एक इवलीशी पाठ टेकली. बारीक गुणगुण सुरू झाली. लेकीनं हात लांबवून घड्यावर टिचकी मारली.

"आई, हा तडकलाय."

ज्या घड्यातलं पाणी दिलं म्हणून गावानं लेकीची वाहवा केली होती, तोच! कुंभारणीनं पाणी भरून पाहिलं, तर बुडाशी ओल. ती रडली, हसली, पण मागं वळून लेकीकडे काही बघितलं नाही.

पुढं मावशी थकल्यावर तिच्या जागी ती लेक बसली, भिंतीकडे तोंड करून. शेजारीणसुद्धा मडकी घेऊन तिच्यापाशी यायची. शेजारणीची पोर दारात चुरुचुरु बोलत उभी राहिली की कुंभारणीच्या पोटात अजूनही बारीकशी कळ यायची. मग ती लेकीच्या पाठीला पाठ लावून बसायची, अन् कळ विरायची.

म्हणून म्हणतात, लेकरू आपल्याकडे बघत नाही म्हणून ते दूर नसतं. त्याच्या रीतीनं त्याच्याजवळ बसावं, ते आपसूक आपल्याला टेकतं.