हाताला कोमट

सागाच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. एकटंच. स्वभावाने ते वाईट नव्हतं, पण अंगभर काटे. पंगतीत बसलं तरी त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहत. घरी आल्यावर "जेवलास का?" असं विचारणारंही कोणी नव्हतं, मुलांनो.

एकदा पोट भरलेल्या एका बगळ्याने त्याला एक छोटा तांबडा मासा देऊन टाकला. साळिंदराने तो काचेच्या पेटीत ठेवला. मध्ये काच असल्यामुळे माशाला काट्यांची भीती नव्हती. साळिंदराने काचेला नाक लावलं, की मासाही पलीकडून तोंड लावी. साळिंदराच्या इतक्या जवळ जन्मात कोणी आलं नव्हतं.

पण मासा होता ऊन पाण्याच्या झऱ्यातला. थंडी पडली तसा तो तळाशी जाऊन बसला. खाईना, हलेना. हा गेला तर आपल्याला कोण, या विचाराने साळिंदराचा जीव अर्धा झाला. ते तळ्यावरच्या कासवाकडे गेलं. कासवाने त्याला पाणी तापवायची काचेची बारकी कांडी दिली, विजेवर चालणारी. जंगलात वीज कुठून आली, हे विचारू नका. गोष्टीतल्या जंगलात वीज असते, आणि भारनियमनही असतं.

"कांडी पूर्ण पाण्यात बुडली, की मगच बटण दाबायचं," कासव म्हणालं. "पाणी काढायचं असेल तर आधी बटण बंद. उघडी कांडी तापली तर तडकते. पेटीत तापमापक लाव. पारा रोज एक-दोन अंश चढला तरी पुष्कळ. मी येऊन बघेन."

कासव लगेच निघालं. म्हणजे चौथ्या दिवशी पोचणार, हे ठरलेलंच.

तीन दिवस साळिंदराने सांगितलं तसं केलं. पारा चढत होता, मासा मात्र वर येत नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी वीज गेली आणि पाणी पुन्हा गार व्हायला लागलं. साळिंदराला धीर निघेना. त्याने कळशीभर पाणी चुलीवर चढवलं आणि पेटीतलं अर्धं पाणी काढून टाकलं. "वीजच नाही, तर बटण कशाला बंद करायचं?" असं म्हणून बटण तसंच राहू दिलं. मग आंघोळीच्या पाण्याला घालतात तसं कढत पाण्यात विसण घातलं आणि पंजा बुडवून पाहिला. हाताला कोमट लागलं. पण तो पंजा होता कंदमुळं उकरून राठ झालेला.

तेवढ्यात वीज आली. कांडी पाण्याबाहेर लोंबत तापत राहिली. साळिंदराची पाठ होती, त्याला ते दिसलं नाही. त्याने वळून पाणी ओतलं. तड् असा आवाज झाला, कांडीला चीर गेली आणि मासा आडवा होऊन वर तरंगला. साळिंदर हात घालून त्याला उचलणार, इतक्यात दारातून कोणीतरी म्हणालं, "हात घालू नकोस. आधी बटण."

कासव पोचलं होतं.

बटण बंद झालं, तार काढली, मग फुटकी कांडी बाहेर आली. दोघांनी पेटीत वाटीवाटीने गार पाणी मिसळलं. बऱ्याच वेळाने माशाचा कल्ला हलला.

"मी हाताने बघितलं होतं," साळिंदर रडवेलं होऊन म्हणालं. "कोमट होतं."

"तुझ्या हाताला," कासव म्हणालं. "आंघोळ तुला करायची होती का?"

मासा वाचला. नवी कांडी आली, पारा हळूहळू चढून सव्वीसवर थांबला. पण मासा आता पलीकडच्या कोपऱ्यात राही. साळिंदर जवळ आलं की पाणवनस्पतीमागे जाई. आजवर सगळे साळिंदराला भीत ते काट्यांमुळे. या एकाला ते काटा न लावता टोचलं होतं, आणि हे साळिंदराच्या मनाला फार लागलं. ते दाराशीच बसू लागलं. वीज गेली की उठून आधी बटण बंद करी, पेटीला घोंगडी गुंडाळी आणि परत दाराशी जाई. सगळा हिवाळा असाच गेला. घरात दोघं होते, पण दोघंही एकेकटे.

होळीच्या सुमारास एका दुपारी मासा कोपऱ्यातून निघाला. अर्ध्यापर्यंत आला आणि थांबला. धावत जाऊन काचेला नाक लावावं, असं साळिंदराला फार वाटलं. पण ते जागचं हललं नाही.

"तुला वाटेल तेव्हा ये," ते एवढंच म्हणालं.

तात्पर्य एवढंच : ऊब द्यावी ती घेणाऱ्याला सोसेल तेवढी, आपला हात हे तिचं माप नव्हे.