एकसष्टावा खिळा

सन १९८४, फाल्गुन महिना. होळीला चार दिवस उरले होते आणि ऊन नुकतेच तापू लागले होते. त्या वेळी एका तालुक्याच्या गावी, गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीलगत एका शेडमध्ये, एक वृद्ध सुतार आणि एक ड्रॉइंगचा मास्तर मिळून लाकडाचे विमान बांधत होते.

खेळण्यातले नव्हे. दोन माणसे बसतील असे, खरे.

मास्तर तांत्रिक शाळेत शिकवी. वय बेचाळीस. त्याने परदेशातून टपालाने विमानाचे आराखडे मागवले होते. बावन्न मोठे कागद. ते त्याला बिनचूक वाचता येत, पण रंधा हाती धरला की लाकूड त्याचे ऐकत नसे. म्हणून तो म्हाताऱ्या सुताराकडे गेला. सुताराला सगळे गाव आबा म्हणे. आबाने एक कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. त्याला अक्षर येत नव्हते.

"कागद तू वाच," तो म्हणाला, "लाकूड मी वाचतो. शाळेत तू मास्तर असशील. इथं मी."

या बोलीवर पाच वर्षे काम चालले.

आबाची एक खोड गावाला ठाऊक होती. दुसऱ्याने केलेल्या वस्तूवर तो तपासल्याशिवाय बसत नसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा आधी पाट उलटा करी, सांधा अंगठ्याने दाबून बघे, आणि मगच मांडी घाली. एकदा व्याह्यांची खुर्ची त्याने हलवून पाहिली आणि तिचा पाय हातात आला. तेव्हापासून आबा येणार म्हटले की लोक खुर्च्या आधीच ठोकून ठेवत.

विमानाच्या कामात त्याचे दोन नियम होते. पहिला असा, की लाकूड आले त्या दिवशी त्यातली सर्वांत चांगली फळी त्याने वेगळी काढून आढ्याला बांधली. तिला तो चुकीची फळी म्हणे. "चूक होणारच. तिच्या वाट्याचं लाकूड आधी काढून ठेवावं. मग ती झाली की माणूस लपवत नाही."

दुसरा नियम साक्षीचा. विमानाचे लाकूड सरसाने जोडतात. पावडर आणि पाणी मोजून सरस वाटीत कालवायचा आणि तो आळायच्या आत जोड दाबून बांधायचा. जोड एकदा बंद झाला की आत काय आहे हे डोळ्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येक वाटीतला थोडा सरस घेऊन दोन टाकाऊ लाकडांचा बोटभर तुकडा जोडायचा. ही साक्ष. दुसऱ्या दिवशी ती शिकंज्यात धरून मोडायची. जोड सुटला तर सरस वाईट, केलेले काम फेकायचे. लाकूड फाटले पण जोड सुटला नाही, तर काम खरे. आबा वाटी कालवताना भिंतीवर एक खिळा ठोकी, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी साक्ष मोडून त्या खिळ्याला टांगी. कोणत्या खिळ्याला कोणता जोड, हे मास्तरच्या वहीत लिहिलेले असे. असे एकशे अठरा खिळे झाले होते.

विमान पुरे होत आले होते. दोन्ही पंखांवर कापड चढले होते, रंग वाळला होता. फ्लाइंग क्लबातले एक निवृत्त कॅप्टन ते उडवायला तयार झाले होते. आणि मास्तरने गावात सांगून टाकले होते की येत्या पाडव्याला विमान उडेल.

हे सांगणे त्याला भाग होते. पाच वर्षे गाव त्याला हसत होते. तो सायकलवरून निघाला की पानाच्या ठेल्यावरून कोणी तरी ओरडे, "मास्तर, आज सायकल? विमान धुवायला टाकलंय का?" भाजीवाली म्हणे, "आमच्या धाब्यावर उतरू नका हो, मिरच्या वाळत घातल्यात." मास्तर हसून घेई. पण पाडव्याकडे तो तहानेल्यासारखा पाहत होता.

त्या दिवशी दुपारी लाकडाच्या वखारीचा शेठ नेहमीप्रमाणे आला. विमानासाठी हिमालयातले हलके, सरळ धाग्याचे लाकूड त्यानेच मागवून दिले होते आणि त्या अधिकाराने तो रोज चहा प्यायला येई. चहा झाला. निघताना शेठ दारात थबकला.

"काय ऊन पडलंय! मास्तर, तुमची छत्री नेतो."

मास्तरची छत्री पावसाळ्यापासून भिंतीवर टांगलेली होती. शेठने ती काढली. छत्रीमागे खिळा होता. खिळ्याला काही नव्हते.

आबाने ते पाहिले. तो उठला, भिंतीच्या सुरुवातीला गेला आणि खिळ्यांवर बोट ठेवत मोजत आला.

"एकसष्ट," तो म्हणाला. "मास्तर, एकसष्टावी साक्ष कुठं आहे?"

मास्तर खिळ्यापाशी आला. त्याला लगेच आठवले. श्रावणातला दिवस. मुसळधार पाऊस, सरपण ओले, शेठला चहा हवा होता. बाकावर एक बोटभर तुकडा होता, न मोडलेला. तो चुलीत गेला.

"जळाली, आबा. चहाला."

"आणि छत्री?"

"मुद्दाम टांगली नव्हती," मास्तर म्हणाला. मग त्याने खरे ते सांगितले. "पण काढलीही नाही."

"वही बघ."

मास्तरने वही पाहिली. डाव्या पंखाच्या आतून आडवी तुळई जाते, तिला ते पंखाचा कणा म्हणत. एकसष्टावा जोड त्या कण्याचा होता, अगदी मुळाशी, जिथे पंख विमानाच्या अंगाला मिळतो तिथला. उडताना सर्वांत जास्त ताण तिथेच येतो.

शेठ परत आत आला. "अहो मिस्त्री, एकशे सतरा साक्षी खऱ्या निघाल्या. एक काय खोटी निघणार आहे?"

"त्या दिवशी पाऊस होता. सरसाला ओल चालत नाही."

"मग वाळूची पोती ठेवू पंखावर," मास्तर घाईने म्हणाला. "आराखड्यात तशी चाचणी दिली आहे. वजन पेललं तर जोड चांगला."

"आज पेलेल. दोन पावसाळ्यांनंतर?"

आबाने करवत घेतली. पंखाच्या मुळाशी हात ठेवून त्याने दोन ठिकाणी खडूने रेघ मारली.

"आबा!" मास्तरचा आवाज चिरकला. "पाडवा तीन आठवड्यांवर आलाय! सगळ्या गावाला सांगितलंय मी!"

"गाव बसणार आहे का आत?" आबा म्हणाला, आणि त्याने करवत चालवली.

रंगवलेले कापड फाटले, पातळ फळी फाटली, मग कणा. पाच वर्षांच्या कामातून करवत गेली आणि तिला पाव तासही लागला नाही. शेठ छत्री छातीशी धरून उभा होता, जणू पुढची पाळी तिची. आबाने जोडाचा भाग कापून काढला, शिकंज्यात आवळला आणि मोगरीने घाव घातला. एक. दोन. तिसऱ्या घावाला तो मोडला.

तिघेही वाकले. लाकूड धाग्याधाग्याने फाटले होते. जोड जसाच्या तसा होता.

शेठने कपाळावर हात मारला. "घ्या! शाबूत पंख कापला! मिस्त्री, सोन्यासारखा जोड होता हो!"

आणि म्हातारा हसला. पाच वर्षांत मास्तरने त्याला हसताना पाहिले नव्हते. तो बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसला. मग म्हणाला,

"शेठ, जोड चांगलाच होता. श्रावणापासून चांगला होता. पण ते जोडाला ठाऊक होतं, आपल्याला नव्हतं. आपण त्याच्यावर माणसं बसवणार होतो, ती कशावर? बरा निघेल या आशेवर. आशा वाईट नाही. शेतात चालते. लग्नात तर तिच्यावाचून चालतच नाही. पंखात चालत नाही." मग तो मास्तरकडे वळला. "तुझ्या कागदात प्रत्येक वस्तूचं वजन लिहिलंय म्हणतोस."

"हो. स्क्रूचंसुद्धा."

"नशिबाचं किती लिहिलंय?"

मास्तरने नकारार्थी मान हलवली.

"लिहिलेलं नाही ना? मग ते आपण काढून टाकलं. विमान हलकं झालं."

मास्तरला हसू आले. डोळ्यांत पाणी असताना आले, म्हणून ते नीट उमटले नाही.

"आता देणंघेणं," आबा म्हणाला. "तुझ्याकडून एक तुकडा येणं आहे. आणि मी तुझा चांगला पंख कापला, म्हणून माझ्याकडून तुला एक पाडवा देणं आहे."

"पाडवा कसा परत करणार, आबा?"

"ते माझं मी बघीन. तू फळी सोड."

मास्तर शिडीवर चढला आणि त्याने आढ्याची चुकीची फळी सोडली. आबाने तिच्यावरून हात फिरवला, धागा पाहिला आणि रंधा मास्तरच्या हातात दिला.

"कागद तू वाच. या खेपेला लाकूडही तूच वाच."

पाडव्याला घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या. लोक धावपट्टीकडे निघाले तेव्हा मास्तर रस्त्यात उभा राहिला आणि आज विमान उडणार नाही असे सांगू लागला. पानाच्या ठेल्यावरून हाक आली, "गुढी उभी, विमान आडवंच!" कारण विचारले तर मास्तर सांगे, "एक तुकडा हरवला होता." लोक आणखीच हसले. त्या दिवशी प्रथमच मास्तरला ते हसणे जड वाटले नाही. तो घरी न जाता कामावर गेला.

कण्याचा नवा तुकडा त्याने चार वेळा रंधला. आबा जवळ बसून असे. दोनदा त्याचा हात आपोआप रंध्याकडे गेला आणि दोनदा त्याने तो मागे घेतला. वैशाखात, कोरड्या कडक दिवशी, मास्तरने वाटी कालवली, जोड बांधला आणि साक्ष केली. दुसऱ्या दिवशी ती शिकंज्यात धरली. मोगरी मारताना त्याने डोळे मिटले.

"उघड," आबा म्हणाला. "डोळे मिटून जोड कळत नाही."

लाकूड फाटले होते. जोड शाबूत होता. मास्तर तो तुकडा घेऊन एकसष्टाव्या खिळ्याकडे निघाला, पण आबाने हात पुढे केला, तुकडा घेतला आणि आपल्या कोपरीच्या खिशात टाकला.

"राहू दे. माझंही देणं आहे. दोन्ही एकदम फेडू."

ओल असेल त्या दिवशी सरस कालवायचा नाही, म्हणून पंख पुन्हा बांधायला पावसाळा गेला. दसऱ्याच्या सकाळी विमान धावपट्टीवर उभे राहिले. सीमोल्लंघनाचा दिवस. सगळे गाव जमले होते. निम्मे पाहायला आणि निम्मे हसायला. शेठ छत्री घेऊन आला होता. ती त्याने अजून परत केली नव्हती.

कॅप्टननी आधी एकट्याने एक फेरी मारली. विमान उठले, वळले, सूर्याकडून आले आणि हलकेच टेकले. मग भाजीवाली म्हणाली, "अगं बाई, उडालं की!" आणि मैदान दणाणले.

कॅप्टननी दुसऱ्या जागेसाठी हात केला. मास्तर पुढे झाला. पण त्याच्या खांद्यावर एक हात पडला.

"थांब. आधी मी."

आबा विमानाकडे चालू लागला. गाव पाहू लागले. आता म्हातारा पंख वाजवून बघेल, सांधा अंगठ्याने दाबेल, बसायची फळी उलटी करेल. लोकांनी एकमेकांना कोपराने ढोसलेही.

आबाने काही केले नाही. पंखाला हातही न लावता, ज्याच्या मुळाशी मास्तरचा जोड होता त्या डाव्या बाजूने तो चढला आणि सरळ आत बसला.

पानाच्या ठेल्यावरचा माणूस हळूच म्हणाला, "आबा न बघता बसला." ते वाक्य तोंडोतोंडी मागेपर्यंत गेले. ज्यांनी पाच वर्षे टोमणे मारले होते, ते मास्तरकडे वळून पाहू लागले, आणि कोणी हसले नाही. शेठने पुढे येऊन मास्तरची छत्री मास्तरच्या हातात दिली.

मास्तर पट्टा आवळायला वाकला. आबाने खिशातला तुकडा चाचपला.

"आबा, वजन वाढेल," मास्तर म्हणाला.

"वाढू दे. ह्याचं वजन ठाऊक आहे."

विमान गेले. नदीवरून वळले, देवळाच्या कळसावरून वळले आणि परत आले. आबा उतरला. त्याचे पांढरे केस उभे राहिले होते आणि डोळ्यांतून वाऱ्याने पाणी वाहत होते. लोकांनी वाट दिली. तो त्यातून शेडमध्ये गेला. मास्तर त्याच्या मागे गेला.

आबाने खिळे मोजले नाहीत. सरळ एकसष्टाव्यापाशी जाऊन त्याने खिशातला तुकडा काढला आणि टांगला.