सरकारांची विलायती करवत

महिपतराव सरकारांची नवी करवत काही केल्या कापेना!

करवत साधीसुधी नव्हती. बोटीने विलायतेहून आलेली, इंजिनावर चालणारी, पुरुषभर लांबीची. तिच्या लांबट पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी गरगर फिरायची आणि लाकूड लोण्यासारखं चिरायची, असं विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यामुळे जांभुळखिंडीच्या घाटात एक जुना, अवाढव्य आंबा वावटळीने रस्त्यावर आडवा झाला, तेव्हा सरकार हरखलेच.

"हातकरवतीला कुणी शिवायचं नाही! आंबा यंत्रानेच कापायचा. उद्या आमच्या आक्कासाहेब बाळाला घेऊन याच रस्त्याने माहेरी येणार. रस्ता मोकळा हवा!"

यंत्र सुरू झालं. असं गरजलं, की खिंडीतली वानरं पार पलीकडच्या डोंगरावर गेली. धुराने कारभारी चिंतोपंतांना ठसका लागला. आणि आंब्याच्या खोडावर उठला काय, तर बोटभर खोल काळपट चरा!

लाकूड चिरणाऱ्या गड्यांचा मुकादम हैबती. त्याने तेल ओतलं, साखळी ताणली, ताज्या दमाचे गडी लावले. उन्हं डोक्यावर आली तरी चरा बोटाचा दीड बोट झाला नाही.

सरकारांचा पारा चढला. "यंत्र विलायती, म्हणजे त्यात खोट नाही. आंब्याचं लाकूड मऊ, म्हणजे त्यात खोट नाही. मग हे कापत का नाही? दिवस मावळायच्या आत कारण सांगा! जो यंत्राला नावं ठेवील, तो संस्थानाबाहेर. आणि कुणीच काही बोलला नाहीत, तर सगळेच्या सगळे बाहेर! बिऱ्हाडं बांधायला घ्या!"

एवढं बोलून सरकार रस्त्याकडेला तंबूच्या सावलीत जाऊन बसले.

हैबतीची मुलगी सगुणा भाकरी घेऊन आली, तेव्हा गडी माना खाली घालून बसले होते. काय झालं ते तिने ऐकून घेतलं आणि खोडाखाली सांडलेली भुकटी चिमटीत धरली.

"आबा, करवतीखाली भुसा पडतो, कीस पडतो. हे तर नुसतं पीठ! वर जळका वास!"

ती बंद यंत्रावर वाकली. साखळीच्या प्रत्येक दाताला एका अंगाला धार होती, दुसऱ्या अंगाला गुळगुळीत पाठ. पट्टीच्या वरच्या अंगाला धार सगळी मुठीकडे तोंड करून बसलेली. "आबा, वरच्या अंगाला साखळी धावते कुठं? मुठीकडं की टोकाकडं?"

"टोकाकडं."

"मग धार मागं राहती आन् पाठ पुढं! अवो, साखळी उलटी बस—"

हैबतीने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप! ठाऊक हाय समद्यांना."

"ठाऊक हाय? आन् गप बसलाय?"

"साखळी बसवली कुणी, ते इचार की!"

"कुणी?"

हैबतीने तंबूकडे नजर टाकली. "पूजा झाल्यावर, सवताच्या हातानं. पंतांनी वरनं फुलं उधळली."

सगुणाला आधी हसू आलं. मग तिला गड्यांची घरं आठवली. कुणाची बायको पोटुशी, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. आणि एका माणसाचा शब्द खाली पडू नये म्हणून एवढ्यांनी मुलूख सोडायचा? तिने पदर खोचला आणि तंबूकडे चालू लागली. "सगुणे!" हैबती मागून कळवळला, पण ती थांबली नाही.

"सरकार, मुजरा. कारण मला घावलंय!"

"तुला?" सरकारांनी भुवया उंचावल्या. "यंत्र वाईट म्हणणार असशील, तर आधी अट ऐक."

"वाईट? असलं गुणी यंत्र मी बघितलं न्हाई, सरकार!"

"मग लाकूड वाईट?"

"लाकूडबी झ्याक!"

"मग राहिलं कोण?" सरकारांचे डोळे बारीक झाले.

"कुणाचीच चूक न्हाई सरकार! यंत्र अदबीचं हाय, एवढंच. तुमच्या म्होरनं जाताना पंत कसे जातात?"

"कसे म्हणजे? आम्हाला पाठ न दाखवता, उलट्या पावली."

"हेच म्हणते मी! तुम्ही सवताच्या हातानं बसवलेली साखळी ती. तुमच्याकडं पाठ करायचं तिचं धाडसच हुईना! दात समदे तुमच्याकडं तोंड करून उलट्या पावली धावत्यात. असं चालून मुजरा हुतो सरकार, लाकूड न्हाई कापत! तुम्ही फकस्त हुकूम करा, आजच्या दिवस पाठ फिरवली तरी माफ हाय!"

सरकार उठले, तरातरा यंत्रापाशी गेले, वाकले, एका दातावरून बोट फिरवलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. आता काय होतंय म्हणून हैबतीने डोळेच मिटले.

आणि सरकार खो खो हसत सुटले! हसता हसता फेटा सुटला, डोळ्यांतून पाणी आलं.

"पंत! तुम्हीही ओळखलं होतंत ना? खरं सांगा!"

"सरकार, मी... माझं लक्ष फुलांकडे होतं!"

सरकार पुन्हा हसले. "हैबती, फिरव साखळी! माफ आहे तिला. आणि तुम्हालाही, सगळ्यांना!"

साखळी फिरली, यंत्र गरजलं. पांढऱ्या-पिवळ्या किसाचा फवारा उडाला आणि बघता बघता ओंडका धाडकन वेगळा झाला. गड्यांनी एकच आरोळी ठोकली.

सरकारांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात दिलं. "आणखी काही हवं? माग!"

सगुणाने खोडाकडे पाहिलं. अजून निम्मं उरलं होतं.

"मला चालवू द्या की ती करवत!"

"द्या रे तिच्या हातात!" सरकार गरजले, आणि पहिल्यांदा स्वतःच चार पावलं मागे सरून उभे राहिले.